माझ्या कुरकुरीचा प्रयोग

डिलाईल रोड, मंगळवार

चि. अंबिकेस, तुझ्या राधाक्काचे पोटभर आशीर्वाद. जीभ माझी, अक्षर नातीचं, अनुजाचं. तुझा गुडघा आणि तुझी गाय बरी आहेत ना? तीन वर्षं त्या दोघांनी तुला कणकवलीहून हलू दिलेलं नाही, म्हणून आधी त्यांची चौकशी. आम्ही मजेत.

मजेत म्हणजे, माझ्यावर प्रयोग झाला. अनुजाला विज्ञान शिकवणाऱ्या सुमेधाबाईंनी सांगितलं, घरातला एक प्रश्न आणा. या बयेने भर वर्गात विचारलं, "आमची आजी एवढी कुरकुर का करते?" बाई म्हणाल्या, "नुसत्या 'का'चं काय करणार? करून बघता येईल, मोजता येईल असं विचार." मग प्रश्न घासूनपुसून आला: चहातली साखर कमी केली तर आजीची कुरकुर वाढते का? (मी शाळेची पायरी चढले नाही ते बरंच झालं.)

तीन आठवडे एक दिवस दोन चमचे, एक दिवस अर्धा, आणि मी कुरकुरले की वहीत एक रेघ. मला पत्ता नाही. चहा फिका लागला की मी गुपचूप शेजारच्या रमाबाईंकडे जाऊन गोड चहा पिऊन यायची. ते फुटलं तेव्हा पोरगी रडकुंडीला. "आजी, एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते गं!" म्हटलं, आधी सांगितलं असतंस तर नीट कुरकुरले असते.

तरी बाईंनी वही पाहिली. साखरेचं काही दिसेना. पण रविवारी दोन-तीनच रेघा, आणि एका रविवारी एकदम एकोणीस! अनुजाला आठवलं, रविवारी तुझा फोन येतो, आणि त्या रविवारी तुमच्याकडे रेंज नव्हती.

मला अक्षर कळत नाही, रेघा कळतात. लग्नाआधी सात वर्षं तू याच खोलीत माझ्या पाठीला पाठ लावून झोपलीस. अजून मी भिंतीकडे सरकून झोपते, तुझी जागा सोडून. (हे कसं मोजायचं, बाईंना विचारायला हवं.)

बाकी क्षेम. गाईच्या पाठीवरून माझा हात फिरव.

तुझी राधाक्का

ता. क. अनुजाचा नवा प्रश्न: अंबिकाआजी पंधरा दिवस येऊन राहिली तर कुरकुर कमी होते का? पोरीच्या मार्कांचा सवाल आहे. आणि बाई म्हणतात, एकदा करून काही सिद्ध होत नाही, निदान तीनदा करावं लागतं.

आणखी ता. क. अनुजा खोटं लिहायला तयार नाही. मार्क कालच मिळाले, दहापैकी नऊ. तरी ये.