विहाराच्या गेटची वरची बिजागरी

माझ्या हातची कामे आधी लिहितो. अकरा पेरणीयंत्रे, एकेचाळीस धान्यकोठ्या, राहत्या घराची एकूण एक दारे-खिडक्या, मुलगी सुचिता हिच्या लग्नातला दिवाण, आणि गावच्या बुद्धविहाराचे लोखंडी गेट. शिकवणारा कोणी नव्हता. बिघडवत बिघडवत शिकलो.

मी प्रेमानंद तुळशीराम गवई, वय ६१, वेल्डर, रा. साखरखेर्डा, ता. सिंदखेडराजा, जि. बुलढाणा. डोके ठिकाणावर आहे. शरीराबद्दल तसे लिहवत नाही. हे मृत्युपत्र लिहिताना कोणाचा दबाव नाही.

१. घर व बँकेतली ठेव पत्नी सत्यभामाबाईची. तिच्यामागे घर प्रसेनजित व सुचिता या माझ्या मुलांना निम्मे-निम्मे. दोन वर्षे ती विचारते, "आंघोळीलेबी बनियन काऊन काढत नाई तुम्ही?" मी खेकसतो. घरी फक्त लघवीचा त्रास सांगितला होता. प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. दर तीन महिन्यांनी हार्मोनचे इंजेक्शन घेतो. आजार आटोक्यात आहे. पण छाती बाईसारखी भरली, अंगातून वाफा निघतात, दंडातले बळ गेले, आणि नवरा म्हणून मी उरलो नाही. तिला वाटले माझे मन फिरले. तसे नव्हते.

२. डॉक्टरीणबाई दर वेळी विचारत, "तोल जातो का? वजन उचलता येतं?" दोनदा पडलो होतो, तरी म्हणालो, "पन्नास किलोचं पोतं उचलतो, मॅडम." म्हणून हाडांची तपासणी, व्यायाम, काहीच वेळेत झाले नाही. शरीर असे खचले यात दोष इंजेक्शनचा कमी, माझ्या तोंडाचा जास्त. प्रसेनजित, तुझ्यावर वेळ आली तर खरे सांग.

३. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर व सर्व हत्यारे कलीम अब्दुल गनी यास द्यावीत. बावीस वर्षे तो माझ्याकडे कामाला होता. दुकानाची रीत अशी, की काम कोणीही करो, वजन पेलणारा वेल्डिंगचा शेवटचा टाका मी मारायचा. गेटची वरची बिजागरीही मीच जोडली. घामाने वेल्डिंगच्या मुखवट्याची काच धुरकटली होती, हातात जोर नव्हता. कलीम म्हणाला, "काका, राहू द्या, मी मारतो." मी म्हणालो, "तू मले शिकवतं का बे?"

आठव्या दिवशी गेट निखळून विहारात वंदनेला आलेल्या महामायाबाईंचा पाय मोडला. विहार समितीपुढे मी सांगितले, "टाका कलीमचा होता." त्याने माझ्याकडे पाहिले, खिशातले कामाचे हातमोजे काढून माझ्यापुढे ठेवले आणि गेला. गावात त्याला कोणी काम देईना, म्हणून खामगावला गेला. त्याची आई बानोबी अजून मान खाली घालून चालते.

हे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता येत्या पौर्णिमेला विहारात वाचले जाईल. वाचणार मीच. उभे राहवले नाही तर खुर्चीवर बसून.

४. मागच्या महिन्यात कलीम घरी आला होता. खामगावात त्याने छोटे दुकान टाकले आहे. म्हणाला, "काका, खुर्चीवर बसाचं अन् माह्यं काम नजरेनं तपासाचं. उचलाचं काईच नाई." ज्याच्यावर खोटे ढकलले त्याच्याच दुकानात बसायची लाज वाटली; मी नाही म्हणालो, चहाही विचारला नाही. नुसते बसून तपासायचे तो मला महिना बारा हजार रुपये देत होता.

लिहून देणार : प्रेमानंद तु. गवई (सही)
साक्षीदार : १. धम्मशीला भास्कर मोरे, निवृत्त शिक्षिका (सही)
२. शंकरराव नामदेव खरात, शेतकरी (सही)
साखरखेर्डा, दि. २७ जानेवारी २०२५