पिकअपची पहिली फेरी

९ फेब्रुवारी, सोमवार

पिकअप तिला दिली! सकाळी चहा पिता पिता, वर्तमानपत्राचं एखादं पान पुढे सरकवावं तशी. बाबा म्हणाले, "धाकटे, शेडमधली पिकअप तू घे हाताशी. तुला जमेल."

तुला जमेल!

सोळा वर्षं ती गाडी ताडपत्रीखाली उभी आहे. बाबांनी तरुणपणी घेतलेली. गोल दिवे, लाकडी हौदा, दार लावलं की खण्णकन आवाज. पेट्रोल इंजिन जाम झालं तेव्हापासून मी किती वेळा म्हटलं — बाबा, मी उघडतो. दर वेळी एकच उत्तर. "आधी गिऱ्हाइकांच्या गाड्या उरक." उरकतोच आहे. गुडघे गेल्यापासून बाबा गॅरेजात खुर्ची टाकून बसतात आणि मी त्यांच्यासमोर उरकत असतो. आणि ही बहीणबाई महिन्याभराच्या रजेवर येते, बॅगसुद्धा अजून उघडलेली नाही, तर गाडी हिची!

मी म्हटलं, त्या इंजिनाचे भाग आता कुठे मिळतात. तर म्हणाली, "दादा, ते ठेवायचंच नाही. एखाद्या मोटारीचं डिझेल इंजिन बसवू."

बाबा हसले. तोंडभरून. असे हसलेले मी शेवटचे कधी पाहिले होते — आठवत नाही.

१० फेब्रुवारी

जहाजावरची इंजिनं सांभाळते म्हणून काय झालं? जहाजाला क्लच असतो का? गिअर बदलावे लागतात का?

बायको म्हणाली, "अहो, ताटाशी का भांडताय? त्याने काय केलंय?"

१३ फेब्रुवारी

इंजिन आलं. मागून ठोकर बसलेल्या एका मोटारीचं. मागचा भाग चेपून गेलेला, पुढचं इंजिन ठणठणीत. तिने तेलाची कांडी काढून बोटाने चोळली, वास घेतला, कान लावून पुली फिरवली. बाबा खुर्चीतून म्हणतात कसे — "हात बघ तिचा! इंजिनाची नाडी बघतेय."

मी चोवीस वर्षं नाड्याच बघतोय. माझा हात कुणी बघितला?

जुनं इंजिन चेन-कप्पीने उचलायला मीच लागलो. दोघांचं काम होतं ते. तिने "थँक्यू दादा" म्हटलं. पाहुण्याला म्हणतात तसं.

१७ फेब्रुवारी

मोटारीचं इंजिन आणि पिकअपचा जुना गिअरबॉक्स — भोकाला भोक जुळत नाही. मध्ये पोलादी प्लेट लागणार. केसाएवढा फरक पडला तरी गिअरबॉक्सचा शाफ्ट झिजून जाणार. मी मनात म्हटलं, आता बस! पंधरा दिवस ह्यातच जाणार आणि मग "दादा, जरा बघतोस का?" करत येणार.

तिने पुठ्ठ्यावर माप काढलं, वळणावरच्या लेथवाल्याकडे तीन दिवस ठाण मांडलं आणि आज प्लेट घेऊन आली. बसली. टिचकीसुद्धा मारावी लागली नाही.

मी बाहेर जाऊन एका गिऱ्हाइकाच्या स्कूटरचा प्लग साफ केला. तो साफच होता.

१८ फेब्रुवारी

कुणाशी बोललो नाही. कुणी विचारलंही नाही.

२१ फेब्रुवारी

इंजिनाखालचं तेलाचं भांडं पुढच्या अ‍ॅक्सलला टेकतंय. भांडं कापून, उथळ करून, पुन्हा वेल्डिंग. डाव्या बाजूचा डायनॅमोही चासीला अडत होता, तो काढून टाकला आणि जुन्या पिकअपचाच डायनॅमो उजव्या बाजूला बसवला.

बाबा दिवसभर तिच्याशी बोलत होते. त्यांनी ती गाडी पहिल्यांदा कशी आणली, हौद्यात बसून आम्ही दोघं कसे गायचो. ती म्हणाली, "दादा बेसूर गायचा." बाबा म्हणाले, "अजूनही बेसूरच." दोघं हसले. मी तिथेच होतो, तीन हातांवर, दुसऱ्याच्या गाडीखाली आडवा. माझे फक्त पाय दिसत असतील.

वेल्डिंग मात्र माझ्यासारखं नाही जमलं तिला. तेल पाझरत नाही, पण दिसायला ओबडधोबड. हे लिहिताना किती बरं वाटतंय. लाज वाटायला हवी.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

चालू झालं!

हातपंपाने डिझेलच्या नळीतली हवा काढली, स्टार्टर मारला. एकदा — नुसतं खोकलं. दुसऱ्यांदा — पांढरा धूर. तिसऱ्यांदा धडधडून उठलं आणि शेडचे पत्रे थरथरायला लागले. बाबा रडले. माझ्या लग्नात रडले नव्हते, नातू झाला तेव्हा नाही. एका इंजिनासाठी रडले. नाही, तिच्यासाठी रडले. सगळ्यांसमोर म्हणाले, "माझा हात हिच्यात उतरलाय."

मग मी कुठून आलो?

मी बॉनेटमध्ये वाकलो, कुणाला माझं तोंड दिसू नये म्हणून. आणि तेव्हा दिसलं. ब्रेकच्या बूस्टरची नळी. तोंडाला रबरी टोपी लावून बाजूला बांधून ठेवलेली.

पेट्रोल इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर बूस्टर चालतो आणि ब्रेक हलका होतो. डिझेलला ती ओढ नसते, वेगळा पंप लागतो. मोटारीत तो पंप डायनॅमोच्या पाठीवरच होता. डायनॅमो काढला तेव्हा पंपही गेला! नंतर बघू म्हणून तिने नळी बांधली असणार आणि विसरली. जहाजाला ब्रेक नसतात. आठवण व्हायची कशी?

अंगणात पहिल्या गिअरमध्ये चार हात पुढे-मागे केली तिने. तेवढ्यात कळत नाही. पण फाटकाबाहेरचा उतार थेट चौकात उतरतो.

सांगायला तोंड उघडलं. बाबा तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते. मिटलं.

२५ फेब्रुवारी

उद्या सांगतो.

२६ फेब्रुवारी

नाही सांगितलं. शनिवारी चाचणी ठरली आहे. ती आज रंगाचे डबे बघत होती. मी मनाशी घोकतोय — ब्रेक अगदी जात नाहीत, नुसते जड होतात. घाबरेल. फजिती होईल. बाबांना दिसेल, सगळंच काही तिला जमत नाही. एवढंच. एवढंच हवंय मला.

बायको म्हणाली, "तुमचं काय बिनसलंय? बहीण आहे ती, सवत नाही."

२८ फेब्रुवारी, शनिवार

नीट लिहायला हवं.

सकाळी पिकअप फाटकासमोर आणली. ती किल्ली हातात घेऊन उभी. बाबांना आम्ही दोघांनी धरून शेजारच्या सीटवर चढवलं. मी मागे सरकलो. तर बाबा म्हणाले, "पहिली फेरी हा मारेल."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "कोण?"

"तू. बस. वेळ काढू नकोस."

ती हसली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

बसलो. ते मोठं स्टीअरिंग हातात आलं आणि छाती अशी भरून आली की श्वास घ्यायला जागा उरेना. सोळा वर्षं! बाबांनी मला निवडलं. तिने एवढं सगळं करूनसुद्धा — मला! तिने फाटक उघडलं. खाली उतार, उताराच्या टोकाला चौक, माणसं, हातगाड्या.

मी नेली असती. ब्रेक जड आहे हे मला माहीत होतं. दुसऱ्या गिअरमध्ये धरून, पाय रोवून अलगद उतरवली असती. कुणाला कळलंही नसतं. पण वर आल्यावर स्टीअरिंगवर ती बसली असती. बाबांना शेजारी घेऊन.

इंजिन बंद केलं.

"ब्रेकला पंप नाही," मी म्हटलं. "नळी नुसती बांधून ठेवली आहे."

तिने बॉनेट उघडलं. बराच वेळ वाकून राहिली. सरळ झाली तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. "बाप रे. मी तर सरळ सोडली असती खाली." मग माझ्याकडे बघून — "तू बॉनेट न उघडताच सांगितलंस. कधी दिसलं तुला?"

खोटं बोलता आलं असतं. "मंगळवारी."

तिने बॉनेट लावलं. मग हळूच म्हणाली, "आज शनिवार आहे, दादा."

बाबा समोरच्या काचेतून बाहेर बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

१ मार्च

डोळा लागत नाही. आज शनिवार आहे, दादा. आज शनिवार आहे, दादा.

३ मार्च

मोटारीचा पंपवाला डायनॅमो मीच बसवला. उजवीकडे, चासीच्या वर, नवा ब्रॅकेट करून. तेलाची नळी फिरवून घेतली. वेल्डिंग मी केलं, तिने धरलं. दोन दिवसांत ती एकच वाक्य बोलली — "तेरा नंबरचा पाना दे." एवढं बोलली म्हणून मी कृतज्ञ!

संध्याकाळी बाबांना घेऊन फेरी मारली. उतारावर ब्रेकला पाय टेकला, गाडी जागच्या जागी. बाबा म्हणाले, "बरी थांबते." ती मागे हौद्यात बसली होती. वर येताना काहीतरी गुणगुणत होती. माझ्यासाठी नसेल. पण मला ऐकू आलं.

५ मार्च

जेवताना तिने माझ्या ताटात वाढलं. न विचारता. मी "माफ कर" म्हटलं. "गप जेव," म्हणाली.

एक गोष्ट मात्र माझ्यापासून कुणी काढून घेऊ शकत नाही. मी वाईट वागलो, खरं. पण तेव्हा बाबांना त्यातलं काही माहीत नव्हतं, आणि त्यांनी मला निवडलं. त्या एका शब्दामुळेच तर तोंड उघडलं माझं. रोज झोपताना तो क्षण काढून बघतो.

८ मार्च, रविवार

धाकटी सकाळी जहाजावर परत गेली. दुपारी बाबांना पिकअपमधून फिरवून आणलं. सहज म्हणालो, पहिली फेरी मला दिलीत, फार बरं वाटलं हो.

"मी कुठली दिली?" बाबा म्हणाले. "मी तिलाच म्हणत होतो. तीच हटून बसली. म्हणे, दादाला सांगा, आणि मी सांगितलंय असं कळू देऊ नका."

गाडी कडेला घेतली. बाबा विचारत होते, काय झालं, का थांबलास.