दादा, छताखालचे टेकू काढले

प्रिय दादा,

काल तुझ्या घराच्या छताखालचे टेकू काढले. कालच लिहायला बसले होते, पण जमलं नाही. आज शाळेत रजा टाकली. तू गेल्यावर तुला एक ओळ लिहिली नव्हती. पण हे तुला नाही सांगायचं तर कुणाला?

किती घाबरवलंस रे आम्हाला! केरळात काम शिकून आलास आणि आल्या आल्या आईला म्हणालास, "मारुती मंदिराजवळच्या आपल्या चिंचोळ्या जागेवर असं घर बांधतो, की मे महिन्यातसुद्धा पंखा लागणार नाही." दोन्ही बाजूंना इमारती, आणि तू मधोमध उघडा चौक सोडलास! चिऱ्याच्या भिंतींना गिलावा नाही, पश्चिमेच्या खिडक्यांवर लांब छज्जे, वर झरोके. न्हाणीचं पाणी तापायला गच्चीवर काळी रंगवलेली टाकी. इथवर ठीक होतं. पण स्लॅबच्या पोटात जुनी मंगलोरी कौलं?

"खालच्या बाजूचं काँक्रीट नुसतं वजन वाढवतं, सुधा. तिथे कौल घातलं की उन्हाचा ताव खाली उतरत नाही. आणि सिमेंट सरकारी परमिटवर मोजून मिळतंय, तेवढंच वाचेल," तू मला समजावलंस.

तुला सगळं सोपंच वाटायचं. मला तेव्हापासून धडकी भरली होती.

पावसाच्या तोंडावर स्लॅब ओतला आणि थोड्याच दिवसांत तुझे डोळे पिवळे झाले. कावीळ एवढी वाईट असते? इस्पितळाच्या खाटेवरून तू मला बजावत होतास, "मधले टेकू आधी, मग कडेचे. शिवराम घाबरेल. त्याला सांग, मी स्वतः खाली उभा राहणार आहे." राहणार होतास ना? मग?

तू गेलास आणि टेकू तसेच राहिले. पावसाळा गेला, नवरात्र गेलं, कुणी हात लावेना. तुझा ठेकेदार शिवराम उंबऱ्यातूनच वर बघायचा. "ताई, माज्या मानसांना आत कसां पाठवू? त्यांची पन पोरांबाळां हायत."

मग लांज्याहून काका आले. "मोडून टाका तो स्लॅब. साधा ओता. उद्या वहिनीच्या डोक्यावर आला म्हणजे?" दादा, मी हो म्हटलं. डोळ्यांपुढे सारखी आईच दिसायची, त्या कौलांखाली.

घण घेऊन माणसं यायच्या आधी तुझी हत्यारं आणायला म्हणून भरदुपारी तिथे गेले. ऑक्टोबरचं ऊन, रस्त्यावर उभं राहवत नव्हतं. आत पाऊल टाकलं आणि थबकले. गार! चौकातून उजेड येत होता, झरोक्यांतून वारा खेळत होता. वीज तर अजून घरात आलेलीच नाही. टेकूंच्या गर्दीत मी कितीतरी वेळ उभी होते. भीती होतीच, पण आता एकीच्या दोन झाल्या. छत पडेल ही एक, आणि पडणार नसलेलं छत आपण मोडू ही दुसरी!

काकांना म्हटलं, "मोडायचाच आहे, तर आधी टेकू काढून तर बघू." ते रागावले आणि जी पहिली एस.टी. मिळाली ती धरून गेले.

काल सकाळी शिवराम माणसांना रस्त्यावर ठेवून हातोडा घेऊन एकटा आत शिरला. मी मागोमाग.

"ताई, तुमी नको."

"दादा असता तर आत असता," मी म्हटलं आणि आतच उभी राहिले.

त्याने मधल्या टेकूची पाचर ठोकून काढली. टेकू सुटला. काही झालं नाही. दुसरा सुटला. आणि एकाएकी काड्‌कन आवाज! मी डोकं धरून खालीच बसले. बाहेर कुणीतरी ओरडलं. संपलं सगळं, एवढंच मनात आलं. डोळे उघडले तर शिवराम भिंतीला चिकटून उभा, आणि पुढ्यात काँक्रीटला चिकटून राहिलेली एक फळी सुटून पडलेली. फळी, दादा! नुसती फळी!

दारात आई उभी होती. तिला घरी थांबायला सांगितलं होतं, पण ती ऐकते का कुणाचं? "अगो, ऊठ. शिवराम, थांबलास का? राहिलेले काढ." आत आली, माझा हात घट्ट धरला आणि शेवटचा टेकू निघेपर्यंत हलली नाही.

मग फळ्या उतरल्या. करड्या काँक्रीटमध्ये तांबड्या कौलांच्या ओळी. किती देखणं दिसतंय रे! ओतलंस तू, पण खालून बघायला थांबला नाहीस. "त्यानं बघायला हवं होतं गो," आई म्हणाली, आणि तू गेल्यावर पहिल्यांदा मोठ्याने रडली.

भीती गेलेली नाही. रस्त्यावरून ट्रक गेला की माझी मान आपोआप वर जाते. कोयनेच्या भूकंपाचा धक्का बसला तर? पुढच्या पावसात गळलं तर? आता विचारू कुणाला?

तरी एक वचन देते. दिवाळीला भाड्याची खोली सोडून आम्ही दोघी तिथे राहायला जातोय. घाबरत घाबरत जाऊ, पण जाऊ. झरोके बुजवा असं कुणीही सांगो, बुजवणार नाही. आणि आईची खाट त्या कौलांखाली अगदी मधोमध घालीन, माझी तिला लागून.

तुझी भित्री बहीण,
सुधा