आत्याबाईंनी सोडलेलं मटण

आत्याबाई, तब्येत कशी आहे तुमची? मामंजींचा दमा तिकडं तरी बसला का? तुमच्या जावेला, धाकट्या आत्यांना, आता नीट दिसतं, की अजून तांदळातले खडे तुमच्याकडंच निवडायला देतात? आणि माझी पहिली लेक, तुमच्या मांडीवरच गेलेली, ती तुमच्याजवळच असेल. तिला सर्दी लवकर व्हायची, जरा बघा. इथं माझे गुडघे कुरकुरतात, दात कुरकुरायला उरलेच नाहीत. फौजेतनं आलेला तुमचा नातू ठणठणीत आहे. परसातल्या खोलीतली तुमची ती बाई मात्र बरी नाही. तिच्यापायीच लिहायला बसले. हे पत्र टाकायला पेटी नाही, एवढं मला कळतं.

तुम्हाला मटण किती आवडायचं. नळी ताटावर आपटून, फुंकून खायच्या तुम्ही, आणि मामंजी म्हणायचे, "बायबल वाचणारी बाई म्हणावं का वाघीण?" जत्रेत शेजारपाजारनं देवीच्या बकऱ्याचा रस्सा यायचा तोही तुम्ही बिनघोर खायच्या. शेजाऱ्यानं मायेनं दिलंय, आपला देव काही आपल्या ताटात डोकावत बसत नाही, असं म्हणायच्या. मग ती शेजारची सून आपल्यात आली. तिच्या तापात तुम्ही मिरजेच्या दवाखान्यात तिच्या उशाशी बसून होता, त्यावरनं ती आली. बाप्तिस्मा झाल्यावर पहिल्याच जत्रेत ती म्हणाली, देवीचा निवद मी रांधणार नाही. घरचे म्हणाले, मग तुझं या घरात काय काम? दोन्ही पोरं बापाकडं राहिली आणि ती एका लुगड्यानिशी आपल्या परसात आली.

त्या दिवसापासून आपल्या चुलीवर मटण चढलं नाही. मामंजी कुरकुरतात, "आवं, जत्रंचं नको तर बाजारचं आणतो की." तुम्ही भाकरी थापत असता, मान वर न करताच म्हणता, "तिला वासावरनं काय कळतंय कुठलं हाय ते? तिनं पोरं सोडली. मला एक नळी सोडवंना व्हय?" मी तुमची नवी सून, तुमच्याकडंच अक्षरं गिरवत होते. पुस्तकातलं पुढं विसरले असेन, ती भाकरी थापतानाची तुमची पाठ विसरले नाही. मरेपर्यंत तुम्ही मटणाला शिवला नाहीत. तीही मरेपर्यंत डगमगणार नाही असं मला वाटायचं.

यंदा तुमचा नातू ग्रामपंचायतीला उभा राहिला. पोरगं चांगलं आहे हो, तिची औषधं तोच आणतो. पण पॅनेलवाले म्हणाले, जत्रेत तुझ्या नावाचं बकरं पाहिजे. यानं दिलं. देवळापुढं उभा राहून नारळ फोडला, कपाळभर गुलाल घेतला आणि पंगतीत वाढायला लागला. ती दळण घेऊन त्याच वाटेनं येत होती. घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणतो, "आई, फौजेत समद्या देवांना हात जोडलं आमी. मनात काय न्हाई माझ्या. माझा प्रभू वळखतो मला."

"त्यो वळखतो रं," मी म्हटलं, "पर तिनं काय वळखायचं?"

मग त्याला लागलं. तिच्या दाराशी जाऊन उकिडवा बसला. "मावशी, राग धरू नगंस. ते निस्तं दाखवायला व्हतं."

ती लसूण सोलत होती. "निस्तं दाखवाया चालतं व्हय रं? मला कुणी बोललंच न्हाई. मी बी निवद दाखवला असता की. पोरं तरी माझ्या हातनं वाढली असती."

एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. पोरगं उठून गेलं. पुढं निवडून आलं. चर्चच्या वाटेवर दिवे लावलेत त्यानं, पण ती त्या वाटेनं गेली नाही. रविवारी घंटा झाली की गोधडी उसवायला घेते. पाळकसाहेब येऊन बसले तर म्हणाली, "च्या घ्या, पर डोळं मिटाया सांगू नगासा." आता तर अंथरुणालाच लागली. तिच्या लेकांना निरोप धाडला. थोरला म्हणाला, कुठली आई?

काल मी तिच्या पायाला तेल चोळत होते. तिनं विचारलं, "तुला तरी खरं वाटतंय का गं हे समदं?"

"आत्याबाईंस्नी वाटत व्हतं," मी म्हटलं.

"त्यांचं न्हाई इचारलं मी."

आत्याबाई, वाटीतलं तेल संपेपर्यंत मी चोळतच राहिले. इतकी वर्षं मी चर्चला गेले, गीतं म्हटली, पोराला मांडीवर घेऊन प्रार्थना शिकवली, आणि सगळा वेळ तुमच्याच पाठीकडं बघून चालत होते. तुमच्या पलीकडं कोण आहे ते मी कधी वाकून बघितलंच नाही. तिला हे कसं सांगू? खोटं हो म्हणावं, तर तेही निस्तं दाखवायलाच होईल. ती जेवण टाकत चाललीय, फार दिवस काढायची नाही. तिला काय सांगायचं ते लवकर लिहून कळवा.