परत गेलेले पाव

प्रिय फिदेन्सियो,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद घे आणि उभा असशील तर आधी बस. बंदरातल्या हमालीने तुझी कंबर कशी आहे, वेळेवर जेवतोस की नाही, ते कळव. मी ठणठणीत आहे. तुझी मुलगी मात्र माझ्याशी बोलत नाही. (फोनवर तू "हो ताई" म्हणून ठेवून देतोस, म्हणून हे पत्र.)

रविवारी एरास्तोकडची माणसं ओदिलियाला मागणी घालायला आली. पुढे मध्यस्थ डॉन तावरिनो, मागे मुलाची आजी डोन्या पोर्फिरिया, बायकांच्या डोक्यावर गोड पावांच्या टोपल्या, हातांत मेणबत्त्या. सगळं रीतीला धरून. डॉन तावरिनोंनी गुडघे टेकून लांबलचक भाषण केलं आणि शेवटी म्हणाले, मुलगी आम्हाला द्या. आता हे "द्या" ऐकून मी गप्प कशी बसणार? बाईला बाप देतो, नवरा ठेवतो, म्हातारपणी मुलगा सांभाळतो, आणि या सगळ्या व्यवहारात तिचं मत कोणी घेत नाही, हे मी गुरुवारी जमणाऱ्या बायकांना वर्षानुवर्षं शिकवते आहे. (तत्त्वज्ञानाची पदवी मी भिंतीवर टांगायला घेतली नव्हती. टांगली आहे, ती गोष्ट वेगळी.) मी सांगितलं की मुलगी म्हणजे काही गाय नव्हे, तिची मालक तीच, तिलाच विचारा. आणि बोलणं ठाम वाटावं म्हणून टोपल्या त्यांच्याकडे परत सरकवल्या.

पाव ठेवून घेतले की होकार, परत केले की नकार, हे आपल्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाही होतं, पण बोलण्याच्या भरात हात आपोआप चालले. आतून ओदिलिया ओरडली, "आत्या, अगं पाव ठेव ना!" मागणीच्या वेळी मुलीने बोलायचं नसतं, म्हणून पाहुण्यांनी ते ऐकलं नाही. मीही नाही, कारण माझं वाक्य संपायचं होतं. डॉन तावरिनो म्हणाले, "मग बाई, आम्ही गुडघे कोणासमोर टेकले?" डोन्या पोर्फिरिया उठल्याच. "शिकलेली बाई नाही म्हणाली, जरा लांबवून म्हणाली, एवढंच. उचला गं टोपल्या."

ते गेल्यावर ओदिलिया एकदाच बोलली. "मला मोकळी कर म्हणून मी सांगितलं होतं तुला? तेही तूच ठरवलंस." कुठल्याही प्राध्यापकाला मी उत्तर दिलं असतं. तिच्यासमोर मी जमिनीवर सांडलेला पावाचा चुरा वेचत बसले. तेव्हापासून ती ताट समोर ठेवते आणि निघून जाते. एरास्तो कामासाठी उत्तरेकडे, सीमेपलीकडे निघायच्या तयारीत आहे. एकदा गेला की तो कसला परततो! त्याच्या आजीचा निरोप आहे, येत्या रविवारी आणखी एकदा येऊ, ते शेवटचं. या खेपेला पाव घरातल्या पुरुषाने घ्यावेत, बाईच्या हाताचा भरवसा नाही. वाचून तुला हसू येईल. मला आलं नाही.

तुझी (बहीण या अर्थाने, मालकीच्या नव्हे),
एदुविहेस

ता. क. शनिवारच्या बसने ये. दाढी करून ये. टोपली समोर आली की दोन्ही हातांनी घे आणि तोंड उघडू नकोस. तत्त्वाचं मी नंतर बघेन.

पुन्हा ता. क. तोंड एकदाच उघड. होकार देताना अट घाल, की लग्नानंतर दोघांनी याच घरात राहायचं. मागची खोली मी झाडून ठेवली आहे. सासरी जायची रीत मला ठाऊक आहे. बापाची इच्छा म्हण, माझं नाव घेऊ नकोस. ओदिलियाला आधी विचारायला हवं, हेही मला कळतं. पण ती नाही म्हणाली तर? म्हणून विचारू नकोस.