झडप मिटली नाही याचा ठपका तंत्रज्ञ ताईंवरून काढण्याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
कण-प्रवेगक विभाग

विषय : नळीत हवा शिरल्याप्रकरणी तंत्रज्ञ ताईंना दिलेली बडतर्फीची नोटीस तात्काळ रद्द करण्याबाबत.

संदर्भ : चौकशी समितीचा अहवाल, पान ७ (बाकीची पाने वाचण्याच्या लायकीची नाहीत).

महोदय,

१. या यंत्राच्या निर्वात नळीचे नियंत्रण आणि संरक्षण मी आखले आहे. आपण या अहवालावर सही केलीत, त्या अर्थी मूळ गोष्ट पुन्हा सांगणे भाग आहे. कण धावतात त्या नळीत हवा चालत नाही. कुठे हवा शिरली की दाबमापकाला कळते, झडपा आपोआप मिटतात आणि उरलेली नळी वाचते. एवढेच जमवायला मला सहा वर्षे लागली.

२. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी एक दाबमापक बिघडला आणि नळी धडधाकट असताना उगाच बोंबलू लागला. झडप मिटे, यंत्र बंद पडे. आपण फोनवर म्हणालात, "काय वाट्टेल ते करा, उद्या यंत्र चालू दिसलं पाहिजे." म्हणून जोडणीत एक तार घालून त्या मापकाचे तोंड बंद करण्यात आले. अशा तारेवर लाल पाटी टांगायची आणि काम होताच तार काढायची, हा आमचा नियम. ताईंनी पाटी टांगली, वहीत नोंद केली, सही केली. सकाळी आपल्या कार्यालयाचा माणूस आला आणि फोटोत लाल रंग बरा दिसत नाही म्हणून पाटी काढून घेऊन गेला! तार तिथेच राहिली.

३. पाचव्या दिवशी नळीचा सांधा गेला. त्या तारेमुळे झडप उघडीच राहिली. दोनशे मीटर नळी हवेने भरली, सहा महिन्यांचे काम मातीत गेले. ताई तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी रजेवर होत्या. तरी समितीने त्यांना विचारले, हवा कोणाच्या परवानगीने आत आली? अहो, हवा काय गेटवर पास दाखवून येते? समितीतल्या एका विद्वानाने तर पंपाचा फोटो काढून खाली 'दोषी झडप' असे छापले आहे. आणि खापर फोडले कोणावर, तर नोंद करणाऱ्या एकट्या बाईवर. नोंद केली नसती तर सुटल्या असत्या. चोवीस वर्षांच्या नोकरीचे हे फळ? संताप येतो, महोदय, नुसता संताप!

४. अहवालाच्या त्याच पान ७ वर माझी रचना निर्दोष असल्याचे म्हटले आहे. ते वाचून मी आठ दिवस मूग गिळून बसलो, याची मला लाज वाटते. तार ताईंनी घातलेली नाही. "साहेब, हे नको. आधी लेखी आणा," असे त्या म्हणाल्या होत्या. आपल्याकडे लेखी मागायची माझी छाती झाली नाही. मी त्यांच्या हातातली पक्कड घेतली आणि तार घातली. पाळी त्यांची, म्हणून सही त्यांची. रजेवर जाताना तार काढायची आठवण त्यांनी मला दोनदा केली. मी विसरलो.

सबब नोटीस माझ्या नावे काढावी. ताईंच्या उत्तराची मुदत उद्या पाच वाजता संपते. त्यांचे उत्तर मी आज वाचले. त्यात माझे नाव कुठेही नाही.

आपला, आजवर नको तितका नम्र,
(सही)
निर्वात नियंत्रण अभियंता
दिनांक : १४ मार्च

सोबत : नोंदवहीतील पानाची प्रत, माझा कबुलीजबाब, सहीसह.