द, ख, ल

सोमवार, संध्याकाळ

शाळा सोडल्याच्या कागदाला ‘दाखला’ का म्हणतात? मला सांगता येत नाही. अरबी शिकणारी माझी मैत्रीण रुबीना म्हणाली, द-ख-ल या तीन मूळ अक्षरांत आत शिरणं आहे. अक्षरं तीच, साचा बदलला की दाखल, दखल, दाखला. मग बाहेर पडताना हाच शब्द हातात का?

माझी धाकटी बहीण संगी दहावी झाली. बाबांनी तिचा दाखला आणून कपाटात ठेवला. आता घरीच राहील म्हणाले. मी बोलले, तर म्हणतात, “तू कायले दखल देऊन राह्यली? एक ग्रॅज्युएट पुरे झाली घरात.”

तेव्हापासून ती तीन अक्षरं डोक्यातून हलत नाहीत. बाबा अजून शेतातून आले नाहीत. आले की कपाट उघडतील. दाखला तिथे नाही. दुपारीच मी तो दारव्ह्याच्या कॉलेजात दिला. संगी दाखल झाली.